शेवटच्या घरापर्यंतची गाडी

१४ सप्टेंबर २०२०, सोमवार, एनिस

इतिहासात नोंद असावी म्हणून लिहून ठेवते: आयर्लंडच्या आरोग्यसेवेची खरेदी सध्या इस्त्रीच्या टेबलावरून चालू आहे. मार्चमध्ये ऑफिसं बंद झाली त्या दिवशी सतीशने दोन मॉनिटर आणून जेवणाच्या टेबलावर कब्जा केला. त्याची कंपनी शॅननला आहे आणि त्याचा कोड जग चालवतो, असं त्याचं म्हणणं. मला उरलं ते हे. एंटर दाबलं की टेबल डुलतं. माउसखाली कव्हर करपल्याचा तपकिरी डाग आहे, आणि बरोबर तिथेच माउस अडतो. लेकीला, मुक्ताला, शाळेच्या युनिफॉर्मला इस्त्री करायची असली की सरकारी कारभार ठप्प. "स्टँडिंग डेस्क म्हणून लोक असल्याला पैसे मोजतात," इति सतीश. हा माणूस घरी नसायचा तेव्हा संसार किती सुखाचा होता, हे मला आत्ता कळतंय.

आज फिनोलाचा, म्हणजे माझ्या बॉसचा, फोन. आमच्या क्लेअर काउंटीच्या पश्चिम टोकाकडून आठ पेशंट डायलिसिसला लिमरिकच्या हॉस्पिटलात जातात. आठवड्यातून तीनदा. त्यांच्या गाडीचं कंत्राट ३१ डिसेंबरला संपतंय. नवी ऑर्डर फ्रेमवर्कमधून द्यायची.

फ्रेमवर्क म्हणजे काय ते आईला पुण्यात फोनवर सांगून दमले, म्हणून इथे एकदाच लिहिते. मंगल कार्यालयाचे चार केटरर ठरलेले असतात ना, तसं. त्यांची पात्रता तपासलेली, पानाचा दर ठरलेला. आपण फक्त किती पानं ते सांगायचं. बाहेरून आपली मावशी आणून स्वयंपाक करून घ्यायचा नाही. एकतर पहिल्या नंबरच्याला सरळ ऑर्डर द्या, नाहीतर चौघांमध्ये छोटी स्पर्धा लावा.

आईने विचारलं, "मग तुम्ही काय करता?"

"पहिल्या नंबरला फोन."

"आणि उरलेले तिघं काय करतात?"

"यादीत असतात."

आई हसली. मला नाही आवडलं.

३० सप्टेंबर, बुधवार

माझा नंबर कुठल्या तरी जुन्या पत्रावर छापला गेलाय. रात्री फोन.

"बसवाली बाई का?"

"मी खरेदी विभागातून बोलतेय."

"तेच ते. मी ब्रायडी. कॅरिगाहोल्टच्या पलीकडे, शेवटचं घर. आज गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. मी तक्रार नाही करत, पोरी. फक्त सांगतेय."

एकोणपन्नासाव्या वर्षी मला पोरी म्हटलं गेलं. बाई अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांचं घर सगळ्यात लांब, म्हणून गाडीत सगळ्यात आधी त्या चढतात, मग किलकी, मग किलरश, मग बाकीचे. परत येताना उलट, म्हणून सगळ्यात शेवटी उतरतात. शिवाय शेवटचा पेशंट मशीनवरून सुटेपर्यंत गाडी लिमरिकमध्येच उभी. काळोखात निघायचं, काळोखात यायचं.

मी त्यांना तक्रार नोंदवायची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला हवामान सांगितलं.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा लॉकडाऊन, सगळ्यात कडक, लेव्हल फाइव्ह. पाच किलोमीटरच्या आत राहा. माझं जग इस्त्रीच्या टेबलापासून सुपरमार्केटपर्यंत, त्यामुळे मला तीन किलोमीटर शिल्लक राहतात.

फिनोला म्हणाली, "लिनी, पहिल्या नंबरला मेल टाक आणि मोकळी हो." (मृणालिनी हे नाव इथे कोणालाच शेवटपर्यंत नेता आलेलं नाही.) आत्ताचं कंत्राटही पहिल्या नंबरकडेच आहे. डब्लिनची मोठी कंपनी, गाड्या लिमरिकला. म्हटलं, टाकते. घाई काय आहे.

ब्रायडीचा फोन आला. हा तिसरा की चौथा. आज विचारत होत्या, "माझी जागा मी वापरली नाही तर ती दुसऱ्या कोणाला मिळते का? किलकीचा तो मुलगा आहे ना, दोन लहान पोरं आहेत त्याला. मी नसले तर गाडी त्याला अर्धा तास उशिरा उचलेल. तेवढीच झोप."

मी म्हटलं, जागा हस्तांतरणीय नाही.

"असं होय," म्हणाल्या. "आणि नको असेल तर किती दिवस आधी कळवायचं?"

हिशोबी बाई आहे. असे पेशंट हवेत. माझे निम्मे सहकारी सुट्टीसुद्धा आदल्या दिवशी कळवतात.

१५ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी. चकल्या मऊ पडल्या. सतीशने पाच खाऊन मग सांगितलं.

नीलिमाबरोबर नदीकाठी चालायला गेले, नियमाप्रमाणे दोन मीटर अंतर ठेवून, म्हणजे ओरडून गप्पा. नीलिमा नागपूरची, लिमरिकला किडनीच्या वॉर्डात डॉक्टर. डोळ्यांखाली काळं. मी आपली गाड्यांची गोष्ट काढली.

"मृणालिनीताई, तुम्हाला वाटतं मशीनने माणूस दमतो," ती म्हणाली. "मशीनने दमतोच. पण म्हातारी माणसं रस्त्याने जास्त दमतात. काही जण मग थांबतात."

"थांबतात म्हणजे?"

"येणं बंद करतात. त्यांचा हक्क आहे. मग एक-दोन आठवडे."

"पुढे काय?"

डायलिसिस थांबवल्यावर पुढे काय असतं, हे मी एका डॉक्टरला विचारत होते.

वाईट वाटलं. पण आमच्या यादीत तसं कोणी नाही. ब्रायडी तर ठणठणीत. आवाज खणखणीत, आठ कोंबड्या पाळल्यात. एकेकीचं नाव सांगतात.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

ब्रायडीचा छोटा फोन. "पोरी, माझं नाव ख्रिसमसपर्यंतच लिही. नव्या गाडीत नको. तुझी धावपळ वाचेल."

मी आभार मानले. इतक्या आधी कळवल्याबद्दल! फोन ठेवून यादीत आठाचे सात केले. आता पश्चिमेचं टोक किलकीला येतं आणि सगळं कागदावर कसं आटोपशीर दिसतं.

जेवताना हे सांगत होते, की बघा, म्हातारी माणसं किती व्यवस्थित असतात. बहुतेक ख्रिसमसनंतर लेकीकडे राहायला जाणार, बोस्टनला की कुठे.

मुक्ता ताटातून मान वर न करता म्हणाली, "आई, नोबडीज गोइंग एनीव्हेअर. इट्स लेव्हल फाइव्ह."

मला नीलिमाचं 'थांबतात' आठवलं.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल रात्रीच फोन करायला हवा होता. केला नाही. आज त्यांच्या डायलिसिसचा दिवस, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. घरी पोचायलाच त्यांना सात वाजतात, हे फोन लावताना कळलं. कागदावर गेले दोन महिने माहीत होतं.

"ब्रायडी, ख्रिसमसनंतर तुम्ही कुठे जाणार आहात?"

"कुठे जाणार? इथेच."

"मग गाडी?"

तिकडे खुर्ची ओढून बसल्याचा आवाज.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी उशिरा समजले."

"हे बघ पोरी. चार तास रक्त धुवायला चौदा तास घराबाहेर. दुसरा दिवस झोपण्यात जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडी. मला मरायची हौस नाही. पण हे जगणं नाही, हा नुसता प्रवास आहे. डॉक्टरांशी बोललेय मी. तू रडली नाहीस तर सोपं जाईल सगळ्यांना."

मी रडत नव्हते. नाक वाहत होतं.

"प्रवास छोटा झाला तर?"

"कसा होईल? घर तर तिथेच आहे."

"झाला तर?"

"तुझ्यासाठी म्हणून एक आठवडा देते. जानेवारीचा पहिला. नाही जमलं तर मला पुन्हा समजवायला फोन करायचा नाही. कबूल?"

कबूल केलं. यादीत सातचे आठ केले.

१ डिसेंबर, मंगळवार

फ्रेमवर्कचे एकशे बारा पानी नियम दोनदा वाचले. स्पर्धा लावली तर किमतीबरोबर 'सेवेची गुणवत्ता' यालाही गुण देता येतात. गुणवत्ता म्हणजे काय, ते ऑर्डर देणाऱ्या अधिकाऱ्याने लिहायचं. आजवर आम्ही काय लिहायचो? 'गाडी स्वच्छ असावी.'

मी लिहिलं: पेशंट दारातून निघाल्यापासून दारात परत येईपर्यंत किती वेळ घराबाहेर राहतो. जितका कमी, तितके गुण जास्त. शंभरातले चाळीस.

फिनोलाला व्हिडिओवर दाखवलं. तिने चष्मा काढला.

"लिनी, आज एक तारीख. पहिली जानेवारी शुक्रवारी आहे, त्या दिवशी आठ माणसांना मशीनवर पोचवायचंय. मध्ये ख्रिसमस. तुझी स्पर्धा फसली तर एकालाही गाडी नाही."

"माहीत आहे."

"पहिल्या नंबरला सरळ ऑर्डर दिली तर कोणी तुला काही विचारणार नाही."

"तेच तर. कोणी काहीच विचारत नाही."

तिने चष्मा परत घातला. "तुझा कोणी नातेवाईक आहे का त्या चौघांत?"

"फिनोला, माझे सगळे नातेवाईक गाडी चालवायला घाबरतात."

"ग्रँड," ती म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. चालेल, पुरे, आणि पुढचं तुझं तू बघ, असं सगळं त्यात येतं.

८ डिसेंबर, मंगळवार

प्रत्येक पेशंटच्या घरापासून लिमरिकचं अंतर स्पर्धेच्या कागदात द्यावं लागतं. सतीशला म्हटलं, तुझा कोड जग चालवतो ना, आठ माणसं चालव. त्याने खरंच अर्ध्या तासात प्रोग्रॅम लिहिला. घराचे पिनकोड टाका, सर्वांत कमी किलोमीटरचा रस्ता बाहेर. ब्रायडीचं अंतर माझ्या अंदाजापेक्षा बरंच कमी निघालं. आम्ही दोघं इतके खूश, की त्याने मला जेवणाच्या टेबलाची एक कड देऊ केली. कागद चारही कंपन्यांना गेले. २२ तारखेपर्यंत उत्तरं.

१४ डिसेंबर, सोमवार

अशा स्पर्धेत एक प्रथा असते. कोणी प्रश्न विचारला, की प्रश्न आणि आपलं उत्तर नाव न घालता सगळ्यांना पाठवायचं, म्हणजे कोणाला जास्तीचं काही कळायला नको. उत्तम प्रथा. आजचा प्रश्न:

'शेवटच्या घरापासूनचा तुमचा मार्ग शॅनन नदी ओलांडतो. पेशंटने पोहत जायचं आहे, की बोटीचं भाडं दरात धरायचं?'

नकाशा उघडला. मुक्ता मागून चहाचा कप घेऊन चालली होती.

"आई, दॅट्स द फेरी. वी वेंट ऑन इट विथ स्कूल. इट टेक्स एजेस."

सतीशच्या प्रोग्रॅमने किलोमीटर वाचवण्यासाठी ब्रायडीला किलिमरच्या धक्क्यावरून बोटीत घालून नदीपलीकडे केरी काउंटीत उतरवलं होतं. कमी किलोमीटर, जास्त वेळ, आणि हिवाळ्यात पहिली बोट सुटेपर्यंत मशीनची पाळी सुरू झालेली. वेळ कमी करा म्हणून सांगणाऱ्या बाईने म्हातारीला समुद्रमार्गे पाठवलं. सतीश म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या मार्ग बरोबर आहे." त्याला टेबलाची कड परत केली.

आम्ही दोघं नऊ वर्षं या काउंटीत राहतो. किलरशच्या पलीकडे कधी गेलो नाही. आमच्यासाठी पश्चिम म्हणजे स्क्रीनची डावी बाजू.

१५ डिसेंबर, मंगळवार

चूक झाली, असं चार कंपन्यांना लेखी कळवलं. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. अंतरं दुरुस्त केली, मुदत २८ च्या संध्याकाळपर्यंत वाढवली. फिनोलाचं एका ओळीचं उत्तर: 'अजून वेळ गेलेली नाही. पहिल्या नंबरला मेल टाक.'

टाकणार नाही.

आता काउंटीत फिरायला परवानगी आहे. दुपारी सुट्टी टाकली आणि स्वतः गाडी घेऊन शेवटच्या घरापर्यंत गेले, फक्त रस्ता मोजायला. शेवटचे काही मैल दोन्हीकडे पाणी. घरातून धूर निघत होता. दार वाजवलं नाही. पैज लावलेल्या माणसाने मधे दार वाजवू नये. परत येताना हात स्टिअरिंगला चिकटलेले. एवढा रस्ता, अंधारात, आठवड्यातून तीनदा.

२९ डिसेंबर, मंगळवार

तीन उत्तरं आली. दुसऱ्या नंबरने कळवलं, इच्छा नाही. पहिला नंबर सगळ्यात स्वस्त. ब्रायडी घराबाहेर तेरा तास. तिसरा महाग आणि तेरा तासच. चौथा नंबर नोएल कॉन्सिडाइन, किलरशचा, स्वतःच्या चार गाड्या. पहिल्यापेक्षा थोडा महाग. पण गाड्या तिथल्याच, एका गाडीत दोनच पेशंट, आणि कोणी कोणाची वाट बघायची नाही. ब्रायडी घराबाहेर: साडेआठ तास.

गुण फिनोलाबरोबर बसून दिले, वेगवेगळे लिहून, मग ताडून. दोघींच्या बेरजेत चौथा नंबर वर. तिने तिची बेरीज पुन्हा केली. तेच आलं.

"यादीत चार वर्षं आहे हा माणूस," ती म्हणाली. "आपण त्याला एकदाही ऑर्डर दिली नाही?"

"यादीत होता," मी म्हटलं.

३० डिसेंबर, बुधवार

ऑर्डर गेली. हरलेल्या कंपन्यांना कारणं लेखी दिली. पहिल्या नंबरच्या मॅनेजरचा फोन. आवाजात साखर. 'घराबाहेरचा वेळ' असा निकष आपण पूर्वी कधी पाहिला नाही, म्हणाला. मी म्हटलं, मीही नाही. लेखी आक्षेप घ्या, लेखी उत्तर देईन. त्याने ख्रिसमसच्या शुभेच्छा दिल्या. ख्रिसमस होऊन गेला होता.

मग नोएलला फोन. पहिल्यांदाच बोलले.

"परवा पहाटे जमेल?"

"बोट लागणार आहे का?"

"नाही."

"मग जमेल."

१ जानेवारी २०२१, शुक्रवार

पहाटे उठून बसले होते. बाहेर दंव, रस्ते काचेसारखे. सातच्या सुमाराला नोएलचा मेसेज: 'सगळे गाडीत.' दुपारी दुसरा: 'सगळे घरी.'

ब्रायडीचा फोन नाही. मीही केला नाही. एक आठवडा म्हणजे एक आठवडा.

६ जानेवारी, बुधवार

बातम्यांत फक्त आकडे. नीलिमा सलग कितव्या पाळीत आहे कोण जाणे. मी तिला डबा नेऊन दिला, तिने दारातूनच घेतला.

फोन नाही. सतीश म्हणतो, तक्रार नाही म्हणजे सिस्टिम चालू आहे. त्याच्या जगात असेल. माझ्या यादीतली माणसं तक्रार न करता थांबतात.

८ जानेवारी, शुक्रवार

आठवडा आज संपला. तीनच्या सुमाराला दाराशी गाडीचा हॉर्न. खिडकीतून पाहिलं: निळी व्हॅन, बाजूवर कॉन्सिडाइन. चपला उलट्या घालून फाटकापर्यंत गेले.

नोएल उतरला. तांबूस, रुंद, मास्कच्या वर भुवया. त्याने कुंपणाच्या भिंतीवर अंड्यांचा पुठ्ठ्याचा डबा ठेवला आणि मागे सरला.

"मी पुरवठादाराकडून काही घेऊ शकत नाही," मी म्हटलं.

"माझ्या कोंबड्या नाहीत," तो म्हणाला. "तिच्या."

मागच्या खिडकीत लोकरीची टोपी आणि दोन डोळे. काच थोडी खाली आली.

"तूच का बसवाली बाई? मला वाटलं उंच असशील."

"ब्रायडी, इथे थांबल्याने तुमचा घराबाहेरचा वेळ वाढतोय. गुण मी वेळेवर दिलेत."

"असू दे. काल मी दिवसभर झोपून नव्हते. कोंबड्यांचं घर साफ केलं." मग बोट दाखवून, "डबा परत हवा मला. सोमवारी. या बाया माझ्यासाठी थांबत नाहीत, रोज अंडी घालतात."

काच वर गेली. गाडी गेली. मी भिंतीपाशी उभी. सोमवारी, म्हणाल्या.

सहा अंडी. तपकिरी, एक निळसर. संध्याकाळी फिनोलाला सांगून टाकलं, पेशंटने अंडी दिली. ती म्हणाली, "खा आणि गप्प बस."

१० जानेवारी, रविवार

अंडी संपली. आता डबा. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. हे मला कोणी शिकवलं नाही, तसंच असतं. नीलिमाला फोन केला. तिला वाटलं कोणी गेलं.

"डायलिसिसच्या पेशंटला लाडू चालेल का?"

"बेसनाचा अजिबात नाही. बेदाणे नाहीत, काजू-बदाम नाहीत, खोबरं नाही."

"मग उरलं काय?"

"रवा, तूप, साखर. साखरेचा त्रास नसेल तरच. आणि एका वेळी एक. लहान."

दुपारभर रवा भाजला. पाक एकदा चुकला. दुसऱ्यांदा जमला. लाडू अंड्याएवढे वळले. प्रत्येक खळग्यात एक, नेमके बसले.

११ जानेवारी, सोमवार

गाडी वेळेवर आली. डबा भिंतीवर ठेवला आणि दोन मीटर मागे सरले. नोएलने उचलला, वजन लागलं, म्हणून झाकण थोडं उघडून पाहिलं.

"सहाच?"

"तू पुरवठादार आहेस. आणि तिला आधी विचार, साखर चालते ना. मग रोज एकच."

"रोज एक म्हणजे शनिवारपर्यंत," तो म्हणाला, आणि डबा दोन्ही हातांनी सरळ धरून मागच्या दाराशी गेला.